सहावी निरी

मुक्ताईनगर,
९ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

नमस्कार. फोनवर तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि मग आपण दोघी नुसतं "हॅलो, हॅलो" करत बसतो. महत्त्वाचं असेल तर लिहून पाठव, असं तूच म्हणालीस. हे महत्त्वाचं आहे. विषय वाचून हसू नकोस. मी काय नेसू?

लग्नाला नाही गं. बैठकीला.

आमचा बावीस केळीवाल्यांचा गट आहे ते तुला ठाऊक आहे. जळगावची एक कंपनी परदेशात केळी पाठवते. व्यापाऱ्याला मधे न घालता त्यांना थेट माल द्यायचा, असा आमचा बेत आहे. फण्या कशा उतरवायच्या, कशा धुवायच्या, खोक्यात कशा भरायच्या, हे सगळं शिकून आलेली गटात मी एकटीच, म्हणून बोलणी करायला गटाने मला निवडलं. दोन बैठका झाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. केळीमुळे नाही, माझ्या कपड्यांमुळे.

पहिल्या बैठकीला मी रोजची सुती साडी नेसून गेले. स्वच्छ होती, इस्त्रीची होती. कंपनीच्या दारातल्या माणसाने मला वजनकाट्याजवळच्या बाकावर बसवलं, कारण मी मजुरांबरोबर आले असेन असं त्याला वाटलं. बैठक माझीच आहे हे मी त्याला पंधरा मिनिटं समजावत होते. तोवर आमच्या गटातले प्रेमराजभाऊ पांढरा शर्ट घालून सरळ आत गेले आणि माझ्या खुर्चीत बसले. उठले नाहीत ते नाहीतच.

दुसऱ्या वेळी म्हटलं, आता दाखवतेच. आपल्या नवलच्या लग्नातली जरीची साडी काढली. निघताना बागेत काम करणारी बेबाबाई म्हणाली, "कोनाच्या लग्नाले चालली व माय?" तेव्हाच परत फिरायला हवं होतं. तिथे अमन नावाचा तरुण अधिकारी आहे. त्याने विचारलं, "मॅडम, घरी काही कार्यक्रम आहे का आज?" मी नाही म्हटलं तरी त्याचा विश्वास बसला नाही. "मग लवकर उरकू या, तुम्हाला पुढे जायचं असेल," म्हणाला आणि खरंच दहा मिनिटांत उरकलं.

आता १२ फेब्रुवारीला तिसरी आहे. जळगावात एका हॉटेलच्या हॉलमध्ये. खरेदी ठरवणाऱ्या मोठ्या मॅडम स्वतः येणार आहेत. गटाने स्पष्ट सांगितलंय की ही शेवटची संधी. जमलं नाही तर यापुढे प्रेमराजभाऊ बोलतील आणि मी बागेत बसायचं.

घरात जो तो सल्ला देतोय. सासूबाई म्हणतात, डोक्यावर पदर हवा. योगेंद्र म्हणतात, ड्रेस घाल, सुटसुटीत. माझी नणंद पुनम रोज मोबाइलवर कुणा पोरीचे जाकीट घातलेले फोटो दाखवते. केळीबद्दल एकजणही एक शब्द बोलत नाही. आणि प्रेमराजभाऊंना कुणी काही विचारलं का? दोन्ही बैठकांना तोच शर्ट, दुसऱ्या वेळी तर कॉलर मळलेली. मला इतका वैताग आलाय की गोणपाट गुंडाळून जावंसं वाटतं.

तू चौदा वर्षं मुख्याध्यापिका होतीस. किती बैठका केल्यास. तू सांगशील ते ऐकेन.

तुझी,
दिपमाला

•

देवपूर, धुळे,
१५ जानेवारी २०२५

चि. दिपमाला,

आशीर्वाद. गोणपाटाबद्दलचं वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि चहा करून आले. वैतागाच्या भरात निर्णय घ्यायचे नाहीत हे तुला लहानपणी शिकवलं होतं. उपयोग झालेला दिसत नाही.

मुळात चूक तुझी आहे. कपड्यांबद्दल तू चार माणसांना विचारलंस, मग चार उत्तरं येणारच. एकालाच विचारायचं आणि ते म्हणजे मला. तेही तू तिसऱ्या बैठकीला विचारतेस.

नीट ऐक. बैठकीचे कपडे असे हवेत की समोरच्याला तुम्ही काय घातलं होतं ते घरी गेल्यावर आठवता कामा नये. जरी नको. मोठी फुलं नकोत. खळखळणाऱ्या बांगड्या नकोत, बोलण्याच्या मधे त्याच बोलतात. तुझ्या सासूबाईंचा मान राखून सांगते, डोक्यावरचा पदर सारखा घसरतो आणि बाईचा एक हात त्यातच अडकतो. जाकीट तर अजिबात नको. तुला त्याची सवय नाही, खांदे आखडून बसशील आणि मुलाखतीला आलेली वाटशील.

माझी मोतिया रंगाची महेश्वरी तुला आठवते का? बारीक तपकिरी काठाची. आग्रा रोडवरच्या दुकानातून मी स्वतः निवडून घेतली होती. माझ्या आयुष्यातली आहेरात न आलेली ती पहिली साडी. संस्थेच्या सगळ्या बैठकांना मी तीच नेसत असे. त्या साडीत मला कुणी कधी मधेच तोडलं नाही, हे लक्षात ठेव. फिका रंग पाहिला की माणूस आपोआप हळू बोलतो.

ती मी तुला पाठवते. बैठकीपुरती. आता या विषयावर दुसऱ्या कुणाशीही बोलू नकोस.

तुझी,
मावशी

•

मुक्ताईनगर,
२१ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

पत्र मिळालं. तू ती साडी देते आहेस याचंच मला दडपण आलंय. लहानपणी तिला हात लावला म्हणून तू मला परसात उभं केलं होतंस.

रागावणार नसशील तर एक सांगू? तू धुळ्याची, तिकडे कापूस नि बाजरी. तुझा केळीशी संबंध फळवाल्याच्या गाडीपुरता. आमच्याकडे केळीच्या घरात कुणी फिक्या रंगाचं काही घेतच नाही. केळीला चीक असतो. फणी कापली की पाण्यासारखा टपटपतो, तेव्हा काहीच दिसत नाही. तासाभराने तपकिरी होतो, दुसऱ्या दिवशी काळा. मग साबण, रॉकेल, लिंबू, कशानेही जात नाही. म्हणून आम्हा प्रत्येकीचे केळीचे कपडे वेगळे असतात. जुनी साडी आणि तिच्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावून. तशीच आम्ही बागेत दिवसभर असतो. सुरुवातीला मला लाज वाटायची, आता शर्टाशिवाय बागेत गेलं तर उघडं वाटतं.

मी मोतिया साडी आणणार म्हटल्यावर बेबाबाईने कपाळावर हात मारला. पण बैठक हॉटेलात आहे, तिथे टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं. नमुन्याचे दोन घड न्यायचेत, ते गाडीत मागे असतील. तेव्हा काही व्हायचं कारण नाही. हे मी तुला सांगतेय की स्वतःला, कोण जाणे.

गडद रंगाची एखादी चालणार नाही का? एकदा विचारून बघते, बस.

तुझी,
दिपमाला

•

देवपूर, धुळे,
२८ जानेवारी २०२५

चि. दिपमाला,

आशीर्वाद. नाही चालणार.

तू बैठकीला चालली आहेस की केळी कापायला? बोलणाऱ्या माणसाने बोलावं आणि कापणाऱ्याने कापावं. तू बोलणारी आहेस हेच तर त्या लोकांना पटवायचं आहे आणि तू मला चिकाचा पाठ शिकवतेस. पुरे.

साडी तोतारामबरोबर पाठवली आहे. आमच्या शाळेतला शिपाई होता तो, आता दर आठवड्याला जळगावला मुलीकडे जातो. तो लताबाईंकडे ठेवेल. लताबाई म्हणजे माझ्याबरोबर गणित शिकवायच्या त्या, आता जळगावात नव्या बसस्टँडमागे राहतात. तिथून घेऊन जा. त्यांना चहा करायला लावू नकोस, त्यांचे गुडघे दुखतात.

आता सूचना. निऱ्या सहाच घालायच्या. पाच नाही, सात नाही. सहावी निरी पाचवीच्या पोटात पूर्ण दाबायची आणि वरून पिन लावायची. बसताना, उठताना ती बाहेर येता कामा नये. पुनमला बाजूला उभी करून दोनदा बसून-उठून बघ. आणि बैठक झाली की साडी घडी करून जशी आहे तशी परत पाठव. धुवायची नाही. इस्त्रीलाही द्यायची नाही. ते माझं मी बघेन.

असं का, असले प्रश्न विचारू नकोस. काही गोष्टी अनुभवाच्या असतात.

ताठ बस. खुर्ची आधी पकड, नमस्कार नंतर कर.

तुझी,
मावशी

•

मुक्ताईनगर,
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

बैठक काल झाली. बरी झाली. सविस्तर नंतर लिहिते, इथे कापणी सुरू आहे. मुक्ताईच्या यात्रेला सासरचे पाहुणे येतील, त्याचीही तयारी आहे.

निऱ्या सहाच घातल्या होत्या.

साडी धुऊन पाठवते.

तुझी,
दिपमाला

•

देवपूर, धुळे,
१९ फेब्रुवारी २०२५

दिपमाला,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. त्याआधी लताबाईंचं पोस्टकार्ड मिळालं होतं. ते आधी वाचलं हे बरं झालं.

बारा तारखेला दुपारी दोन वाजता जळगावच्या बसस्टँडसमोर, चहाच्या टपरीशी, लताबाईंनी तुला पाहिलं. तू पुरुषाचा शर्ट घालून उभी होतीस. निळ्या चौकड्यांचा, पूर्ण बाह्यांचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. साडी फक्त शर्टाखालून दिसत होती. त्यांनी हाक मारली तर तू तोंड फिरवून गाडीत जाऊन बसलीस.

म्हणजे तू केळीचे कपडे घालून बैठकीला गेलीस.

मला वाईट कशाचं वाटतं सांगू? तुला माझं पटलं नव्हतं तर तसं लिहायचं. लिहिलं होतंस म्हणा एकदा, पण नेटाने लिहायचं. साडी ठेवून घ्यायची, सहाच निऱ्या घातल्या म्हणून मला खोटं लिहायचं आणि वरून नवऱ्याचा शर्ट चढवून मोठ्या मॅडमपुढे जायचं. हा कसला हट्ट? गोणपाट गुंडाळीन म्हणाली होतीस, ते खरं केलंस. आणि "बरी झाली" म्हणजे काय झाली? बरी झालेल्या बैठकीबद्दल माणूस दोन पानं लिहितो. तू हरलीस, दुसरं काय.

आणि धुऊन पाठवते म्हणजे? धुवायची नाही असं मी लिहिलं होतं की नव्हतं? धुतलीस का? आधी ते कळव.

मावशी

•

मुक्ताईनगर,
२५ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

इतकी रागावू नकोस. बैठकीत मी तुझीच साडी नेसले होते. शर्ट नंतर घातला. गाडीत पडलेला होता, मला थंडी वाजत होती म्हणून घातला. लताबाईंनी हाक मारली ते मला कळलंच नाही, हॉर्न वाजत होते.

मी हरलेले नाही. मोठ्या मॅडमचं नाव रूपल आहे. मला वाटलं होतं त्या कडक इस्त्रीच्या असतील, पण त्या जीन्स आणि साधा कुर्ता घालून आल्या आणि चप्पल टेबलाखाली काढून बसल्या. आपण दोघींनी महिनाभर पत्रं लिहिली ती कुणासाठी, असं क्षणभर वाटलं. महिन्याभरात त्या बाग बघायला येणार आहेत. पहिली गाडी नमुना म्हणून घेणार आहेत. कागदावर गटाच्या वतीने माझं नाव आहे.

साडी लवकरच पाठवते. सध्या जरा काम आहे तिचं.

तुझी,
दिपमाला

•

देवपूर, धुळे,
३ मार्च २०२५

चि. दिपमाला,

तुझं नाव कागदावर आलं ते वाचून आनंद झाला. खरंच झाला. तोतारामलाही वाचून दाखवलं.

आता बाकीच्या पत्राकडे वळते. फेब्रुवारीत, दुपारी दोन वाजता, जळगावात, थंडी? मी छत्तीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकल्या आहेत. "बाई, वही गाईने खाल्ली" हीसुद्धा ऐकली आहे. तुझी त्याहून वाईट आहे.

आणि साडीचं "काम" म्हणजे काय? साडीला कसलं काम असतं?

१६ मार्चला, रविवारी, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी आम्हा जुन्या शिक्षकांचा सत्कार ठेवला आहे. मला बोलायला सांगितलंय. त्याला मी तीच साडी नेसणार, दुसरी नाही. शनिवारपर्यंत ती माझ्या हातात हवी. खरं काय झालं तेही साडीबरोबर लिहून पाठव. खोटं लिहायचं असेल तर मात्र नुसती साडी पाठव.

मावशी

•

मुक्ताईनगर,
१० मार्च २०२५

प्रिय मावशी,

योगेंद्र कामासाठी धुळ्याला येतायत, त्यांच्याबरोबर साडी आणि हे पत्र. आधी पत्र वाच. पिशवी उघडू नकोस.

तुझी साडी खराब झालीये. पदरावर केळीचा चीक आहे, काळा. एक मोठा ओघळ आणि खाली सात-आठ थेंब. पुढच्या बाजूला कमरेशीही आहे. लिंबू लावलं, रॉकेल लावलं, कपडे धुवायची पावडर रात्रभर लावून ठेवली, जळगावातल्या दोन ड्रायक्लीनवाल्यांना दाखवली. दोघांनी हात जोडले. बेबाबाई म्हणाली, "केयीचा डाग हाये, तो साडीसंगच जाईन." मी दाराआड बसून रडले.

चुकून झालं असं लिहिणार होते. तसं एक पत्र लिहिलंही, मग फाडलं. मी मुद्दाम केलं, मावशी.

बैठक सुरू झाली, मी खुर्ची आधी पकडली, नमस्कार नंतर केला. बरं चाललं होतं. मग अमनने आमच्या आधीच्या नमुन्याचे फोटो टेबलावर मांडले. केळ्यांवर चिकाचे काळे ओघळ. असा माल बाहेर जात नाही, म्हणाला. मी सांगितलं की ते फोटो मी शिकून यायच्या आधीचे आहेत. फणी उतरवल्या उतरवल्या कापलेली बाजू खाली करून ठेवली आणि लगेच तुरटीच्या पाण्यात घातली तर एक ओघळ उरत नाही. रूपल मॅडम म्हणाल्या, "सांगता सगळेच. इथे दाखवाल?"

योगेंद्रनी गाडीतून घड आणला, विळा आणला, तुरटी आमच्या सामानात होतीच. हॉटेलवाल्याने टब दिला. मी उठणार तोच प्रेमराजभाऊ उठले. "ताई, तुम्ही राहू द्या, साडी खराब होईल. मी करतो." असं म्हणून त्यांनी विळ्यासाठी हात पुढे केला. प्रेमाने म्हणाले गं, खरंच काळजीने म्हणाले. आणि सगळे माना हलवायला लागले. रूपल मॅडमसुद्धा.

त्यांना फणी उतरवता येते. बरी येते. पण त्यांनी उतरवली असती तर पुढचे सगळे प्रश्न त्यांनाच विचारले गेले असते. मी छान साडी नेसून बाजूला बसलेली बाई उरले असते. गाडीत योगेंद्रचा शर्ट होता, पण तो आणायला खाली गेले असते तर वर येईपर्यंत फणी उतरलेली असती. मी साडीकडे पाहिलं. खोटं नाही सांगत, एकदा पूर्ण पाहिलं. तू मला परसात उभं केलं होतंस ते आठवलं. मग पदर खोचला आणि विळा घेतला.

तीन फण्या उतरवल्या. तिसऱ्या फणीला पदर सुटला, पण हातात फणी होती, मी थांबले नाही. टबातून काढून मॅडमच्या हातात दिली तेव्हा ती नव्या भांड्यासारखी स्वच्छ होती. मॅडमनी पहिल्यांदा वही उघडली आणि सगळं मला विचारलं. अर्धा तास. कुणी मधे बोललं नाही.

बाहेर आले तोवर थेंब तपकिरी व्हायला लागले होते. म्हणून शर्ट घातला. लताबाईंना मी पाहिलं होतं, हाकही ऐकली होती. त्या तुला सांगतील म्हणून पळाले.

मला माफ कर म्हणायचंय, पण पुन्हा तशी वेळ आली तर मी तसंच करीन, मग माफी कशाची मागू? तरी वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

आणखी एक आहे. लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. तू धुऊ नकोस म्हणाली होतीस, पण चिकासाठी मी साडी पूर्ण उलगडली. आत निळा डाग आहे, बोराएवढा, कडांना पसरलेला; नेसताना घाईत दिसला नव्हता. हा केळीचा नाही, केळीचा निळा पडत नाही. शाईचा आहे आणि जुना आहे. बरोबर सहाव्या निरीवर आहे.

मी कुणाला दाखवला नाही.

तुझी,
दिपमाला

•

देवपूर, धुळे,
१८ मार्च २०२५

चि. दिपमाला,

अनेक आशीर्वाद. पत्र आधी वाच असं लिहिलं होतंस. मी पिशवी आधी उघडली. मग पलंगावर बसले आणि योगेंद्रला तसंच उभं ठेवलं. बिचाऱ्याने स्वतः चहा करून मला दिला. तुझा नवरा चहा बरा करतो.

पहिल्या दिवशी मी तुला मनातल्या मनात इतकं बोलले की ते इथे लिहीत नाही. जगात हजार रंग असताना केळीच्या घरात मोतिया साडी पाठवणारी मीच, हे मला रात्री जेवताना सुचलं. तू लिहिलंही होतंस. मी तुला गप्प केलं. वर म्हणाले, बोलणाऱ्याने बोलावं आणि कापणाऱ्याने कापावं. किती मूर्खासारखं वाक्य आहे ते, आणि मी ते शाळेत वर्षानुवर्षं वापरलं.

आता शाईचं. १९९६ साली मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. साडी नवी, त्या दिवसासाठीच घेतलेली. मी लवकर जाऊन बाहेर बसले होते. संस्थेच्या कारकुनाने पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुमचं अक्षर छान आहे, तोवर एवढी उमेदवारांची यादी उतरवून द्या." मी नाही म्हणायला हवं होतं. उमेदवार मी होते. पण मी उतरवून दिली, सात नावं, त्यात माझंही. पेन गळलं. पुढच्या निरीवर डाग पडला. मी मागच्या खोलीत जाऊन निऱ्या सोडल्या, पुन्हा घातल्या, डाग आत दाबला. तेवढ्यात माझं नाव पुकारून झालं होतं. आत गेले तर त्यांनी दोन प्रश्न विचारले. मी काय उत्तरं दिली ते मला आजही आठवत नाही, कारण माझा हात निरीवर होता.

जागा दुसऱ्यांना मिळाली. मला ती सहा वर्षांनी मिळाली.

मग मी हट्टाने तीच साडी सगळ्या बैठकांना नेसले. डाग कुणाला दिसला नाही याचा मला केवढा अभिमान होता! त्या साडीत मला कुणी मधेच तोडलं नाही, असं तुला लिहिलं ते खरं आहे. तोडायला मी बोलत कुठे होते? चौदा वर्षं संस्थेच्या प्रत्येक बैठकीत माझं अर्धं लक्ष सहाव्या निरीवर असायचं. मुलींच्या संडासाची मागणी मी चार वर्षं फक्त कागदावर दिली, उभी राहून एकदाही बोलले नाही. उठलं तर निरी सुटेल अशी भीती वाटायची. आणि तू साडीकडे एकदा पाहिलंस आणि विळा घेतलास. तुझा मला अभिमान वाटतो आणि थोडा हेवाही वाटतो. दोन्ही लिहून ठेवते.

रविवारी मी तीच साडी नेसले. शेजारीण तिची करड्या रंगाची द्यायला निघाली होती, मी घेतली नाही. निऱ्या कशाही घातल्या, मोजल्या नाहीत. निळा डाग पुढे आला. पदर खांद्यावरून मोकळा सोडला, त्यावर तुझा काळा ओघळ. दारात शाळेत झाडलोट करणारी जुनी बाई भेटली. ती म्हणाली, "बाई, पदरवर हाई काय शे?" मी म्हटलं, "केळना चीक शे, मनी भाचीना बागना." तिने हात लावून पाहिलं आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं.

सत्काराला उत्तर म्हणून मला पाच मिनिटं दिली होती. मी चाळीस मिनिटं बोलले. संडासांपासून सुरुवात केली. दोघांनी घड्याळ दाखवलं, एकाने पाण्याचा पेला पुढे सरकवला, अध्यक्षांनी दोनदा मधेच तोडलं. मी थांबले नाही.

साडी तोतारामबरोबर परत पाठवतेय. आता तुझ्याकडेच ठेव. रूपल मॅडम बागेत येतील तेव्हा मात्र वर शर्ट घाल, उगाच आणखी डाग नकोत. त्या दिवशी काय नेसायचं ते मला विचारू नकोस, पुनमलाही विचारू नकोस. निऱ्या किती घालायच्या ते तुझं तू बघ.

तुझी,
मावशी